स्ट्रीडाचे दगड आणि नवगावची टेकाडे

आमच्या समाजातील मुलांना नवगावची हकीकत सांगण्याचा प्रसंग आम्हांवर अनेक वर्षे येत आला आहे. गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया पोहून तीरास लागल्या, बाकीच्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली आणि वाचलेल्यांनी ती तेथेच मातीआड केली, एवढे सांगून झाले की एखादा विद्यार्थी हात वर करतो आणि विचारतो, "हे मोजलं कोणी?" असा प्रश्न करणारे मूल उद्धट असते असे नाही. ते इस्राएलमध्ये जन्मलेले असते, आणि शाळेत त्याला पुरावा मागावयास शिकविलेले असते. शिक्षक या नात्याने आम्हांस त्याचे कौतुकच वाटावयास हवे. पण खरे सांगावयाचे तर दरवेळी आम्ही थोडे अडखळतो आणि "आपल्या वाडवडिलांनी लक्षात ठेवलं", असे काहीतरी उत्तर देऊन पुढच्या धड्याकडे वळतो.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने प्रवास करीत असता या प्रश्नाची गाठ आम्हांस एका अगदी अनपेक्षित जागी पडली. त्या जागेची हकीकत आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांचे आजे-पणजे अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूचे आहेत त्यांस, आपलीशी वाटेल म्हणून ती येथे देत आहोत.

प्रवासाची सुरुवात डब्लिनहून झाली. तेथे वॉलवर्थ रोडवर एका जुन्या प्रार्थनालयात आयरिश ज्यूंचे संग्रहालय आहे. १९८५ साली इस्राएलचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष खाईम हेर्झोग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हेर्झोग यांचा जन्म १९१८ साली बेलफास्टचा आणि बालपण डब्लिनचे. त्यांचे वडील रब्बी इत्सहाक हेर्झोग आयर्लंडचे प्रमुख रब्बी होते, आणि तेथूनच ते एरेत्स इस्राएलचे प्रमुख अश्केनाझी रब्बी म्हणून आले. २०२१ साली राष्ट्राध्यक्ष झालेले इत्सहाक हेर्झोग हे त्यांचेच नातू. असे हे एवढेसे बेट. पण आमच्या राज्याच्या इतिहासात त्याने आपला वाटा उचललेला आहे. आयर्लंडचे ज्यू बहुतेक लिथुआनियाकडून १८८० नंतरच्या काळात आले. त्यांच्यापैकी काहींविषयी अशी गोष्ट सांगतात की, कॉर्क बंदरात गलबत लागले तेव्हा ते नाव ऐकून त्यांना न्यू यॉर्कच आले असे वाटले आणि ते तेथेच उतरले. गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना तिची लाज वाटत नाही, हे आम्हांस आवडले.

डब्लिनहून आमच्या भाच्याने गाडी पश्चिमेकडे काढली. आयर्लंडात गाड्या भारतातल्याप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. आमचा भाचा इस्राएलमध्ये लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर तो गोंधळे, आणि मुंबईत आयुष्याची पहिली वर्षे काढलेले आम्ही मागे बसून त्याला धीर देत असू. स्लायगो शहर ओलांडून उत्तरेस निघाले म्हणजे उजव्या हातास बेन बल्बेन नावाचा डोंगर दिसू लागतो. त्याचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट आणि कडे सरळ तुटलेले. पनवेलहून पेणकडे जाताना सह्याद्रीचे जे डोंगर दिसतात त्यांची आठवण आम्हांस पाहताक्षणीच झाली. फरक इतकाच की सह्याद्री ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा आणि हा डोंगर समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचा. या भागात हिंदुस्थानच्या इतिहासाचीही एक दुःखद खूण आहे. जवळच्याच मलाघमोर बंदरापुढे १९७९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांची बोट स्फोटात उडविण्यात आली व त्यांचा अंत झाला. आम्ही मात्र त्याच्या अलीकडेच, ग्रेंज या लहानशा गावापाशी, समुद्राकडे वळलो. तेथून अरुंद वाटेने स्ट्रीडाच्या किनाऱ्यावर जाता येते.

गाडीतून उतरल्यावर प्रथम दिसतात ते दगडच. चुनखडीचे काळसर करडे थर समुद्रात उतरत गेलेले, आणि त्यांच्या अंगावर शिंगासारखी वाकडी, बोटाहून जाड अशी चित्रे उमटलेली. ती चित्रे नव्हेत. तीस कोटी वर्षांहूनही जुन्या उथळ, उबदार समुद्रातील प्रवाळांचे ते अवशेष होत. पुढे लाटांनी घासून गुळगुळीत केलेल्या गोट्यांची रास, त्यामागे गवत उगवलेल्या वाळूच्या टेकड्या, आणि मग मैलभराहूनही लांब पसरलेली पुळण. समुद्र त्या दिवशी शांत होता असे तेथील लोक म्हणाले. आमच्या डोळ्यांना तो शांत दिसत नव्हता. ओहोटीच्या वेळी गोट्यांमधून पाणी मागे सरताना एक खडखड आवाज होतो, तो बराच वेळ कानांत राहतो. समोर पाण्यात एक खडक आहे, त्याला स्थानिक भाषेत स्पॅनियार्डांचा खडक असे नाव आहे.

हे नाव कसे पडले ते सांगितले पाहिजे. १५८८ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने इंग्लंडवर सुमारे १३० जहाजांचे आरमार पाठविले, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. कॅलेच्या बंदरापुढे इंग्रजांनी पेटती जहाजे सोडली, तेव्हा स्पॅनिश कप्तानांनी घाईने नांगरांचे दोर तोडले आणि आरमार पांगले. पुढे वाऱ्याने त्यांना माघारी फिरू दिले नाही. स्कॉटलंडला वळसा घालून, आयर्लंडच्या पश्चिमेने स्पेनला परत जावे असे ठरले. शाळेतील धडा येथे संपतो. खरे हाल मात्र येथूनच सुरू झाले. पाणी नासलेले, अन्न संपत आलेले, चांगले नांगर कॅलेच्या तळाशी पडलेले. त्यात आयर्लंडचा किनारा पश्चिमेकडे किती पुढे आलेला आहे याचा कप्तानांना नीट अंदाज नव्हता. सप्टेंबरात पश्चिमेचे वादळ उठले आणि दोन डझनांच्या आसपास जहाजे त्या किनाऱ्यावर नष्ट झाली.

त्यांपैकी तीन स्ट्रीडापुढे नांगरून उभी होती: ला लाविया, ला हुलियाना आणि सांता मारिया दे व्हिसॉन. ही लढाऊ जहाजे म्हणून बांधलेलीच नव्हती. एक व्हेनिसकडचे, एक कातालोनियाचे, एक रागुसाचे. भूमध्य समुद्रात माल वाहण्यासाठी बांधलेली आणि राजाच्या हुकुमाने युद्धाला जुंपलेली. चार दिवस ती किनाऱ्यापासून अर्ध्या कोसावर तग धरून होती. पाचव्या दिवशी लाटा एवढ्या वाढल्या की नांगरांचे दोर तुटले. तिन्ही जहाजे एकाच तासात वाळूवर येऊन फुटली. हजारांहून अधिक माणसे बुडाली. तीनशेच्या आतच तीरास लागली.

हे आपल्याला कसे ठाऊक? त्या तीनशेतील एकाने लिहून ठेवले म्हणून. फ्रान्सिस्को दे क्वेयार हा एक कप्तान. जहाजांची रांग मोडल्याच्या आरोपावरून त्याला फाशीची शिक्षा झाली होती. आरमाराचा न्यायाधीश मार्तीन दे आरांदा याने ती अमलात येऊ दिली नाही, आणि दोघे एकाच जहाजावर, ला लावियावर, होते. जहाज फुटले तेव्हा मेजाएवढी एक फळी क्वेयारच्या हाती आली. त्याने न्यायाधीशालाही तिच्यावर ओढून घेतले. पण न्यायाधीशाच्या कपड्यांत नाणी शिवलेली होती. एक लाट आली आणि तो गेला. क्वेयार पोहोचला, एका पायाला जखम, अंगावर रक्त. आणखी एका जहाजाची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. दिएगो एन्रिकेझ नावाचा सरदार मौल्यवान चीजवस्तू घेऊन होडीच्या बंद भागात शिरला आणि वरचे झाकण आतून बंद करवून घेतले. सत्तरांहून अधिक माणसांनी त्या होडीवर उड्या टाकल्या. होडी उलटली आणि तशीच किनाऱ्याला लागली. दीड दिवसाने लोकांनी खिळ्यांसाठी व लोखंडासाठी ती फोडली तेव्हा तो आत धुगधुगी धरून होता. बाहेर काढल्यावर त्याने प्राण सोडला. त्याचे कपडे काढून घेऊन प्रेत तेथेच टाकण्यात आले.

किनाऱ्यावरचे लोक कसे वागले याविषयी क्वेयारने जे लिहिले आहे ते एकसारखे नाही, आणि म्हणूनच आम्हांस ते विश्वसनीय वाटते. बहुतेकांनी लुटले, अंगावरचे सदरेही ठेवले नाहीत. पण त्याच रात्री दोघे सशस्त्र इसम त्याच्यापाशी आले, त्याची दशा पाहून कळवळले, गवत व लव्हाळे कापून त्याच्या अंगावर पांघरले आणि मग लुटीला निघून गेले. सकाळी तो जवळच्या मठात आसऱ्यासाठी गेला, तो मठ जळालेला आणि आत त्याचेच बारा देशबांधव इंग्रज शिपायांनी फाशी दिलेले. त्या स्टाड मठाचे भग्न अवशेष आजही त्या बाजूस उभे आहेत.

यानंतर क्वेयार पुन्हा किनाऱ्यावर आला, आणि हा भाग वाचताना आमचा आवाज थांबला. आम्ही तो भाच्याच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवीत होतो. वाळूवर चारशेहून अधिक प्रेते पडलेली होती. कावळे त्यांवर बसत होते. त्यांत क्वेयारला एन्रिकेझ ओळखू आला, आणि आणखी एक ओळखीचा अधिकारी. त्यांना तसे टाकून जाववेना, म्हणून त्याने व त्याच्या सोबत्याने पाण्याच्या कडेला वाळूत खड्डा खणला आणि त्यांना पुरले. हे पाहून गावचे शेकडो लोक भोवती जमले. भाषा कोणालाच कळत नव्हती. तेव्हा खुणांनी सांगितले की, हे आमचे भाऊ आहेत, कावळ्यांनी खाऊ नयेत म्हणून त्यांना पुरतो आहोत.

वाचकहो, हे वाक्य कानी पडताच नवगावच्या टेकाडांची आठवण ज्याला होणार नाही असा बेने इस्राएल असेल काय? अलिबागच्या उत्तरेस, खांदेरी-उंदेरीच्या खडकांसमोर, आमचे गलबत फुटले. वाचलेल्या चौदा जणांना ना तेथील भाषा येत होती, ना कोणी ओळखीचे होते. त्यांनी पहिले काम केले ते प्रेते पुरण्याचे. पुरुष एका ठिकाणी, स्त्रिया दुसऱ्या ठिकाणी, अशी दोन मोठी टेकाडे नवगावच्या जुन्या दफनभूमीत आम्ही लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिली आहेत. तेव्हा त्यांवर गवत वाढलेले होते आणि एक बकरी चरत होती, एवढेच स्पष्ट आठवते. पुढे समाजाने तेथे स्मारक उभारले. क्वेयारने गावकऱ्यांना जी खूण करून दाखविली असेल, तशीच खूण नवगावच्या कोळ्यांसमोर आमच्यापैकी कोणीतरी केली असलीच पाहिजे.

आता त्या मुलाचा प्रश्न: मोजले कोणी? स्ट्रीडाच्या बाबतीत उत्तर देता येते. इंग्रज सरकारचा आयर्लंडमधील सचिव सर जेफ्री फेंटन याने लंडनला लिहिले की, पाच मैलांच्याही आतल्या एकाच पुळणीवर आपण अकराशेहून अधिक प्रेते मोजली. वरिष्ठ अधिकारी फिट्झविल्यम नंतर तेथून गेला आणि किनाऱ्यावर पडलेले लाकूड पाहून थक्क झाला. त्यातून पाच मोठी जहाजे बांधता येतील असे त्याने कळविले. म्हणजे मोजणारा होता, पण तो शत्रू होता. त्याने मोजले आणि पुढे गेला. पुरले नाही. आणि नवगावास पुरणारे होते, मोजून कागदावर लिहिणारे कोणी नव्हते. आम्ही त्या गोट्यांच्या राशीवर बराच वेळ बसून हाच विचार करीत होतो.

कागदाचा अभाव आम्हांस फार महाग पडला आहे, हे आमच्या पिढीला सांगावयास नको. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. ते हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापले गेले. त्यांनी गलबताचा काळ इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास, ग्रीक राजा आंतिओखस याच्या छळाच्या दिवसांत धरला. इतर विद्वानांनी तो कित्येक शतके पुढे ओढला. कोणी असेही दाखवून दिले की, चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा आमच्या कथेसारखीच आहे. तेथेही समुद्राने चौदा प्रेते किनाऱ्यावर टाकली आणि परशुरामाने ती जिवंत केली. तेव्हा दोन्ही कथा एकाच कोकणी मुशीतून निघाल्या असाव्यात, असा तर्क होतो. तो तर्क हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण एक भेद आमच्या मते मोठा आहे. त्या कथेत मेलेले उठतात. आमच्या कथेत मेलेले मेलेलेच राहतात आणि त्यांना पुरावे लागते.

१९६२ साली प्रमुख रब्बी मंडळाने बेने इस्राएलांच्या विवाहाबाबत आईकडच्या पिढ्यांची शक्य तितकी मागपर्यंत चौकशी करण्याचे नियम काढले. तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांपाशी दाखवावयास काय होते? शनिवार न मोडल्यामुळे मिळालेले 'शनवार तेली' हे नाव, शेमाचे शब्द, सुंता, एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला मलिदा, आणि नवगावची दोन टेकाडे. जेरुसलेमच्या रस्त्यावर कुटुंबेच्या कुटुंबे उपोषणाला बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने ठराव केला की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंसारखेच ज्यू होत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानेही आमच्या रक्तात मध्यपूर्वेतील ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोहोंचा अंश असल्याचे दाखविले. तो अभ्यास वाचून काहींना हायसे वाटले. आम्हांस किंचित रागही आला. वाडवडिलांनी जे सांगितले होते त्याहून निराळे त्यात काय होते?

कागद असला म्हणजे सारे सुटते असेही नाही, हे स्ट्रीडा शिकविते. क्वेयारचे पत्र १५८९ च्या ऑक्टोबरात अँटवर्पहून लिहिले गेले आणि जवळजवळ तीनशे वर्षे माद्रिदच्या दप्तरात पडून राहिले. १८८४-८५ च्या सुमारास ते छापले गेले. जहाजे कोठे बुडाली ते गावकऱ्यांच्या तोंडी होते, खडकाच्या नावात होते. पण पाणबुड्यांना ती प्रत्यक्ष सापडली १९८५ साली. त्याच वर्षी किनाऱ्याजवळ स्मारकही उभे राहिले. नंतर पुन्हा वाळूने सर्व झाकले. २०१५ साली वादळांनी वाळू हलविली आणि ला हुलियानाच्या कासे धातूच्या तोफा उघड्या पडल्या. त्या वर काढल्या तेव्हा एकीवर संत मात्रोना हिची आकृती आणि १५७० हे साल स्पष्ट दिसत होते. ही संत बार्सिलोनाच्या लोकांची लाडकी. जहाज कातालोनियाचे होते याची साक्ष चार शतके पाण्यात राहून तोफेने दिली. नवगावसमोरच्या समुद्रात अशी तोफ मिळणार नाही. आमचे लोक तोफा घेऊन आलेच नव्हते.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. त्या किनाऱ्यावर उभे असता आमच्या मनात दयेबरोबरच एक किंतु होता. हे आरमार कोणाचे? ज्या घराण्याने १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकलले, त्याच्या वारसाचे. धर्मसभेच्या नावाने माणसे जाळणाऱ्या राज्याचे. शिवाय फिलिपने १५८० साली पोर्तुगालचे राज्य मिळविले होते. म्हणजे १५८८ साली चौल-रेवदंड्याचा किल्लाही त्याचाच होता! नवगावपासून दक्षिणेस एका दिवसाच्या पायी मजलेवर त्याचे शिपाई पहारा देत होते, आणि त्याच भागातील गावोगावी आमचे तेली पूर्वज शुक्रवारी सायंकाळी घाणा थांबवीत होते. गोव्यात १५६० पासून धर्मसभेचे न्यायालय चालू होते. मुंबई बेट ज्याने भाडेपट्ट्याने घेतले होते तो गार्सिया द ओर्ता हा नामांकित वैद्य ज्यू कुळातील. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ साली त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे कबरीतून उकरून तीही जाळली. आमचे पूर्वज कोकणच्या खेड्यांत तेल गाळीत राहिले, कोणाच्या नजरेत आले नाहीत, हे आमचे केवढे भाग्य!

तेव्हा या मृतांसाठी आम्ही काय करावे? भाच्याचे म्हणणे पडले, "मामा, ते राजाचे शिपाई होते. आपल्याला हाती मिळतं तर सोडलं नसतं त्यांनी." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्या तीन जहाजांवर सरदार थोडे आणि खलाशी पुष्कळ होते. व्हेनिस, रागुसा, कातालोनियाचे गरीब दर्यावर्दी, ज्यांचे जहाजच राजाने हिसकावून घेतले होते. आणि समोरच्या पक्षाचे तरी काय? इंग्लंडने १२९० सालीच ज्यूंना हद्दपार केले होते आणि १६५६ पर्यंत उघडपणे येऊ दिले नव्हते. त्या युद्धात आमचा पक्ष कोणताच नव्हता.

ज्यांनी आश्रय दिला त्यांच्याविषयी मात्र आमच्या मनात काही किंतु नाही. पुढे क्वेयारला मॅक्लॅन्सी नावाच्या आयरिश सरदाराने मेल्विन सरोवरातील आपल्या गढीत ठेवून घेतले. इंग्रज फौज चालून आली तेव्हा मॅक्लॅन्सी डोंगरात गेला आणि मूठभर स्पॅनियार्डांनी ती गढी सतरा दिवस लढविली. अखेर बर्फ पडले आणि फौज परतली. मॅक्लॅन्सीने खूश होऊन आपली बहीण क्वेयारला देऊ केली. क्वेयारने तो मान नाकारला आणि एका पहाटे हळूच निघून गेला. एका बिशपच्या मदतीने स्कॉटलंडला आणि तेथून अँटवर्पला पोहोचला. आश्रयदात्यांचे काय झाले? मॅक्लॅन्सीला १५९० साली इंग्रजांनी मारले. स्पॅनियार्डांना थारा देणारा दुसरा सरदार ब्रायन ओ'रूर्क याला १५९१ साली लंडनमध्ये टायबर्न येथे फासावर चढविले. त्याच्यावरील आरोपांत हा थारा देणे हाही एक आरोप होता. बुडत्याला हात दिल्याची किंमत अशी मोजावी लागली. नवगावच्या ज्या लोकांनी आमच्या चौदा जणांना निवारा दिला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. त्यांना त्यासाठी कोणी फाशी दिल्याचे मात्र आमच्या कथेत कोठेही नाही. दोन हजार वर्षांत त्या किनाऱ्यावर ज्यू म्हणून आम्हांस कोणी हात लावला नाही, हे आम्ही परक्यांना अभिमानाने सांगतो. ते ऐकून त्यांना जे आश्चर्य वाटते, ते स्ट्रीडा पाहिल्यावर आम्हांस नीट समजले.

शेवटी आम्ही एकेक गोटा उचलला. कोकणात आमच्या घरी कबरीवर फुले व सब्जा ठेवीत. दगड ठेवण्याची रीत आम्हांस इस्राएलला आल्यावर अंगवळणी पडली. कादिश म्हणण्यास दहा पुरुष हवेत, आम्ही दोघेच होतो, आणि ते मृत आमच्या धर्माचेही नव्हते. म्हणून तेहिलीममधील एक प्रकरण मनातल्या मनात म्हटले आणि गोटे स्मारकाच्या पायाशी ठेवले. भाच्याने प्रथम ठेवला नाही. नंतर गाडीपर्यंत जाऊन तो परत आला आणि त्यानेही ठेवला. त्याच्या मुलीला प्रवाळाची खूण असलेला एक दगड घरी न्यावयाचा होता. तेथील दगड तेथेच राहू द्यावेत असा नियम आहे, असे सांगून आम्ही तो तिला परत ठेवावयास लावला. ती थोडी रुसली.

रात्री डोनेगॉलच्या मुक्कामावरून दिमोनाला आत्याबाईंना फोन केला. त्यांचे वय आता नव्वदीच्या पुढे आहे आणि जन्म अलिबागच्या इस्राएल आळीतला. आम्ही सारी हकीकत सांगितली: तीन गलबते, एका तासात फुटली, अकराशे माणसे, कोणी मोजली, तोफा, पत्र. त्या मधे काही बोलल्या नाहीत. आम्हांस वाटले, झोप लागली असावी. मग त्यांनी एवढेच विचारले, "आणि पुरलं का रे त्यांना?"

दोघांना, आम्ही म्हणालो, कदाचित तिघांना.